शेंदरी पोपट

नाशकात ऑक्टोबरमध्ये पानं गळत नाहीत. हे कळायला कोणी हुशार माणूस लागत नाही, खिडकी उघडी ठेवली की पुरे. पाऊस नुकताच गेलेला असतो, झाडं हिरवीगार उभी असतात आणि उन्हाने डोकं तापतं. पिवळं पडतं ते सोयाबीन, आणि तेही लोक काढून खळ्यावर नेतात. खरी पानगळ होळीच्या आसपासची. तरीही आमच्या शहरातलं छायाछंद मंडळ दर वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘शरदरंग’ नावाचं प्रदर्शन भरवतं आणि त्यात गळणाऱ्या पानांचे फोटो लावतं.

ही पानं येतात कुठून, असं मी एकदा बायकोला विचारलं होतं.

ती म्हणाली, "कापडणीसांच्या कॉम्प्युटरमधून."

डॉ. महेश कापडणीस या मंडळाचे अध्यक्ष. पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे एक बटण आहे, त्याचं नावच ‘ऑटम’. ते दाबलं की फोटोत जे जे हिरवं असेल ते शेंदरी होतं. झाड, गवत, शेवाळ, कोणाची साडी, काहीही. बटणाला काय कळणार? एका वर्षी त्यांनी गंगापूर धरणाकडच्या एका कडुनिंबाचा फोटो लावला. झाड शेंदरी, खालचं गवत शेंदरी, आणि फांदीवर पोपट बसला होता तोही शेंदरी. लोक फोटोपुढे उभे राहून "काय मूड आहे, काय मूड आहे" म्हणत होते. माझी बायको दीपमाला जवळ गेली, चष्मा वर करून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "डॉक्टर, हा पोपट आहे की गाजर?"

कोणी हसलं नाही. मंडळाची चिटणीस योगिनी, बँकेत नोकरी करणारी पोरगी, ती तेवढी तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

त्या वर्षी दीपमालाचे दोन फोटो मंडळाने संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर लावले.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर होतो. फोटोतलं मला काही कळत नाही. कॅमेऱ्याचा स्टँड उचलायचा आणि ती सांगेल तिथे उभा करायचा, एवढंच माझं काम. दीपमाला घरी फॉल-पिको करायची. पंचवीस वर्षं तिने लोकांच्या साड्यांना जुळते दोरे लावले. हिरव्या दोऱ्यांचा तिचा वेगळा डबा होता. मला ते सगळे एकच वाटायचे. ती म्हणायची, "अहो, हा पोपटी, हा शेवाळी, हा मेंदी. डोळे आहेत की बटणं?" आमची मुलगी दिशा लग्न होऊन पुण्याला गेली, तिने पहिल्या दिवाळीला आईला कॅमेरा आणून दिला. तेव्हापासून शिलाई मशीनवर धूळ बसायला लागली.

मंडळाचे लोक फोटो काढायला गाड्या घेऊन जायचे. आधी मिसळ, मग फोटो, मग चहा. मिसळीचेही फोटो काढायचे. ती माझ्याबरोबर एसटीने जायची. चांदवडकडे कांद्याची रोपं लावणाऱ्या बायका, छाटणी झालेल्या द्राक्षबागेतल्या नुसत्या तारा, असलं काही काढायची. कापडणीस म्हणायचे, "दीपाताई, यात शरद कुठे आहे?" ती म्हणायची, "तुम्ही पानं बघताय डॉक्टर. उजेड बघा. पाऊस गेल्यावर असा उजेड परत वर्षभर पडत नाही."

ते मान हलवायचे. दाताला कीड लागलेल्या माणसापुढे हलवत असतील तशी.

तिचा शेवटचा चांगला फोटो सायखेड्याला काढलेला. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर. तिच्या तपासण्या तेव्हा सुरू झाल्या होत्या. नवरात्रात ती दिशाला घेऊन गडावर जाऊन आली होती, देवीची ओटी भरली आणि तिथल्या दुकानातून हिरव्या बांगड्या भरून आली. काचेच्या, बारीक. मी म्हटलं होतं, दवाखान्यात सुई टोचायला त्रास होईल. ती म्हणाली, "मग दुसऱ्या हाताला टोचू दे."

सायखेड्याला गोदावरीच्या काठाला बाजरीचं वावर होतं, कापलेल्या बाजरीच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. मागे नदी. तिला तेवढंच हवं होतं, पण बांधावरचा एरंड मध्ये येत होता. तिने कॅमेरा स्टँडवर लावला, सगळं जुळवलं आणि स्वतः जाऊन एरंडाची फांदी हाताने बाजूला धरली.

"दाबा," ती म्हणाली.

"तुझा हात येतोय त्यात."

"येऊ दे. फांदी सोडली तर झाडच येईल. हात बरा की एरंड बरा?"

मी दाबलं. नदी आली, पेंढ्या आल्या आणि डावीकडून कोपरापर्यंत तिचा हात आला. हिरव्या बांगड्या, मनगटाच्या वर सुईचा निळसर डाग, बोटांत धरलेलं एरंडाचं पान. घरी आल्यावर तिने तो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "बरा दाबलात की. माझ्याच फोटोत मी, असं कधी झालंच नाही."

ते खरं होतं. जो फोटो काढतो तो फोटोत नसतो. आमच्या घरी माळ्यावर खोकं भरून फोटो आहेत. दिशाचे, माझे, भावाबहिणींच्या लग्नांचे. दीपमाला त्यात नाही. आधार कार्डावर आहे, पण ती दीपमाला नाही, ती कोणीतरी घाबरलेली बाई आहे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे ती एकवीस वर्षांची मुलगी. मी जिच्याबरोबर म्हातारा झालो तिचा माझ्याकडे एक हात आहे.

आषाढात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, हातात हिरवा चुडा भरला. माझी थोरली बहीण फुलाबाई रडता रडता म्हणत होती, "भाग्याची गं, भाग्याची." मला त्यात भाग्य कुठे दिसलं नाही. पण हात तिचाच होता आणि बांगड्या हिरव्या होत्या, ते बघितलं.

गणपती झाल्यावर कापडणीसांचा फोन आला.

"गायखे साहेब, यंदाचं शरदरंग आम्ही दीपाताईंना अर्पण करतोय. ताई म्हणजे मंडळाचा श्वास होत्या."

मी म्हटलं, "श्वासाचे फोटो तुम्ही संडासाच्या वाटेवर लावायचात."

ते खाकरले. मग म्हणाले, "यंदा मधली पूर्ण भिंत ताईंची."

दुसऱ्या दिवशी योगिनी फोटो न्यायला घरी आली. तिला मी सायखेड्याचा फोटो दाखवला.

"बाकी कोणते लावायचे ते तुम्ही ठरवा. हा लागला पाहिजे. आणि आहे तसा लागला पाहिजे. तिच्या माहेरचे येतील, आमच्या गल्लीतल्या बायका येतील. तिचा आमच्याकडे एवढाच फोटो आहे."

योगिनी बराच वेळ बघत राहिली. "काका, ह्या दीपाताईच ना?"

"मग काय माझा हात आहे?"

"लागेल काका. मी सांगते सरांना."

उद्घाटनाच्या दिवशी दिशा पुण्याहून आली. फुलाबाई सकाळपासूनच घरी होती. आम्ही तिघं रिक्षाने गंगापूर रोडच्या त्या हॉलवर गेलो. दारात झेंडूच्या माळा होत्या, आत सेंट मारलेले लोक होते. एका टेबलावर दीपमालाचं नाव लिहून पुढे समई लावलेली. तिथे फोटो म्हणून आधार कार्डावरची ती घाबरलेली बाई मोठी करून ठेवली होती. कोणी दिली, मला माहीत नाही.

मधली भिंत तिची होती खरी. सगळ्या फ्रेमा सारख्या, प्रत्येकीवर वरून दिवा. आणि सगळं शेंदरी. चांदवडची कांद्याची रोपं शेंदरी. कांद्याची रोपं शेंदरी झाली तर शेतकरी रात्रभर झोपणार नाही, इथे लोक "वा" म्हणत होते. द्राक्षबागेच्या तारांवर कुठे चार फुटवे असतील तेही तांबूस. प्रत्येक फोटोखाली नाव. ‘विझत्या ऋतूची कुजबुज.’ ‘सोनेरी मौन.’ दीपमालाने फोटोला कधी नाव दिलं नव्हतं. पाकिटावर ती लिहायची, ‘चांदवड, कांदे’.

आमचा फोटो मधोमध होता. खाली लिहिलं होतं, ‘पर्णस्पर्श’.

एरंडाचं पान वाळल्यासारखं तपकिरी. नदी चहासारखी. आणि तिच्या हातातल्या बांगड्या विटकरी. जुन्या गंजलेल्या वॉशर असतात तशा. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दिसलं की मनगटावरचा सुईचा डागही नाही. तो पुसून टाकलाय. हात कसा गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतला. तिच्या अंगावरचं दुखणं घालवायला एवढे डॉक्टर झाले, कोणाला जमलं नाही. दातांच्या डॉक्टरला जमलं.

"छान दिसतंय ना बाबा?" दिशा म्हणाली. "आईला किती आवडलं असतं, मधली भिंत मिळाली."

फुलाबाईने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आगं बाई. हे काय घातलंय हिच्या हातात?"

मी कापडणीसांना शोधलं. ते माइकजवळ होते, रेशमी झब्ब्यात. बाजूला योगिनी यादी घेऊन उभी.

"डॉक्टर, त्या फोटोतल्या बांगड्या हिरव्या होत्या."

"या, या साहेब! कशी वाटली भिंत?"

"बांगड्या हिरव्या होत्या."

"हो, हो. असं आहे, संपूर्ण भिंतीचा एक टोन ठेवावा लागतो. तो हिरवा एकदम डोळ्यात जात होता. मूड तुटत होता."

"मूड कोणाचा?"

"शरदाचा."

"शरद बाहेर उभा आहे," मी म्हटलं. "दार उघडून बघा. सगळा हिरवा आहे."

ते हसले. अशा हसण्याला दात चांगले लागतात. "साहेब, फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. कलेत भावनेला महत्त्व असतं. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"माझ्या भावनेचं राहू द्या. सवाष्ण बाई होती. तिच्या हातातल्या बांगड्या तुम्ही काढल्यात. तिचा डागही काढलात. कोणी सांगितलं?"

"सर, मी म्हटलं होतं तुम्हाला," योगिनी हळूच म्हणाली. "काकांनी आहे तसा लावा म्हणून सांगितलं होतं."

"योगिनी, पाहुण्या आल्या का ते बघ." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, मूळ फोटो तुमच्याकडे सुरक्षित आहेच. घरी तो लावा. इथे हा राहू द्या. दहा मिनिटांत उद्घाटन आहे, आता एक फ्रेम बदलायची म्हणजे पूर्ण भिंत विस्कटेल."

"बदलायची नाही," मी म्हटलं.

"थँक यू साहेब."

त्यांना वाटलं, मी ऐकलं. मी भिंतीकडे गेलो आणि फ्रेम खिळ्यावरून उचलली. चाळीस वर्षं मशीनचे भाग उचलले, फ्रेमचं काय वजन. दिशा कुजबुजली, "बाबा, काय करताय? लोक बघतायत."

"बघायलाच आलेत."

"बाबा, प्लीज. आज नको. आईच्या नावाचा कार्यक्रम आहे."

"आईच्या नावाचा आहे. आईचा नाही. चल."

दारात प्रमुख पाहुण्या भेटल्या, कोणा कॉलेजच्या माजी प्राचार्या. त्यांनी मला फ्रेम घेऊन जाताना बघितलं आणि नमस्कार केला. त्यांना वाटलं असावं, मी फ्रेमवाला. मीही नमस्कार केला. मागून कापडणीस "साहेब, अहो साहेब" म्हणत निघाले होते, पण पाहुण्या आत शिरल्या आणि त्यांना हसावं लागलं.

रिक्षात फ्रेम दिशाच्या मांडीवर होती. ती रागावली होती. फुलाबाई काही बोलत नव्हती, म्हणजे तीही रागावली होती, पण वेगळ्या लोकांवर. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला दिशाने फ्रेम उन्हाकडे धरली.

"बाबा," ती म्हणाली. "ह्या गडावरच्या ना? ज्या आईने आणि मी एकदम भरल्या?"

"मग कोणत्या?"

"मला ओळखूच आल्या नाहीत." मग ती उरलेल्या रस्त्यात बाहेर बघत राहिली. सिडको आल्यावर म्हणाली, "मी छान म्हटलं."

"म्हटलंस तर म्हटलंस. उतर."

घरी येऊन फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. फुलाबाईने पिठलं टाकलं. आम्ही जेवत होतो तेवढ्यात दीपमालाचा मोबाईल वाजायला लागला. तिचा मोबाईल मी बंद केलेला नाही. रिचार्ज संपला की भरतो. मंडळाच्या ग्रुपमधून तिला अजून कोणी काढलेलं नाही, म्हणजे कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. श्वासाचं असंच असतं, तो आहे की नाही कोण बघतं.

दिशाने मोबाईल उघडला, आणि घास हातातच धरून म्हणाली, "बाबा, हे बघा."

मला वाटलं, शिव्या आल्या असतील. शिव्या नव्हत्या. रिकाम्या खिळ्याचे फोटो होते. एक नाही, ढीग. समोरून, बाजूने, खालून. वरच्या दिव्याचा उजेड मोकळ्या भिंतीवर गोल पडलेला, मध्ये खिळा, खाली पाटी, ‘पर्णस्पर्श’. प्राचार्याबाईंनी भाषणात सांगितलं होतं म्हणे, की मला सर्वात जास्त भिडलं ते हे न लावलेलं चित्र. गळून पडलेलं पान आपल्याला दिसत नाही, दिसते ती त्याची जागा. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. खाली एकाने लिहिलं होतं, ‘शरदाचा आत्मा’. दुसऱ्याने, ‘अध्यक्षांच्या धाडसी कल्पनेला सलाम’. आणि कापडणीसांनी हात जोडून लिहिलं होतं, ‘कधी कधी न दाखवणं हेच दाखवणं असतं. दीपाताईंना आमची ही मूक श्रद्धांजली.’

एकाने त्या खिळ्याच्या फोटोवरही बटण दाबलं होतं. भिंत शेंदरी झाली होती.

फुलाबाईला मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येडी हायेत का रं ही?"

"नाय," मी म्हटलं. "शिकलेली हायेत."

दिशा हसली आणि लगेच रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आईचा खरा फोटो आहे ना ह्याच्यात?"

होता. आईनेच ठेवलेला. दिशाने तो शोधला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "तुम्ही पाठवा. दाबायचं तुम्हीच."

मी दाबलं. ग्रुपवर दीपमालाच्या नावाने सायखेड्याचा फोटो गेला. बाजरीच्या पेंढ्या, पांढरी नदी, एरंडाचं हिरवं पान, हिरव्या बांगड्या, मनगटावर निळसर डाग. खाली मी काही लिहिलं नाही. मला त्यांच्यासारखं लिहिता येत नाही आणि तिथे काही लिहायचं नव्हतं.

ग्रुप गप्प झाला. गेलेल्या माणसाच्या नावाने काही आलं की लोक गप्प होतात, निदान घाबरतात तरी. मग एकेकाच्या नावापुढे दिसायला लागलं की बघतायत. आमच्या गल्लीतली सुमनबाई त्या ग्रुपवर आहे, तिचा मुलगा फोटो काढतो. तिने लिहिलं, ‘दीपाताईंचा हात. मी लगेच ओळखला. याच हाताने माझ्या साऱ्या साड्यांना फॉल लागले.’ मग आणखी एकीने लिहिलं. मग दीपमालाच्या भाच्याने. मी वाचत होतो. मला जेवढं हवं होतं तेवढं झालं होतं. ज्यांनी तिला बघितलं होतं त्यांनी तिला परत बघितलं.

मग कापडणीस आले. ‘अप्रतिम! ताईंची नजर! फक्त टोन किंचित वॉर्म असता तर शरदाचा फील अजून आला असता.’

मी दिशाकडे मोबाईल दिला. "लिही."

"काय लिहू?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने एकेक अक्षर नीट टाइप केलं आणि दीपमालाच्या नावाने पाठवून दिलं.

‘डॉक्टर, हा पोपट आहे की गाजर?’

आधी योगिनीचं हसणारं तोंड आलं. मग दुसरं, मग तिसरं. त्या वर्षी पोपटाच्या फोटोपुढे जे जे गप्प उभे होते ते सगळे आता घरी बसून हसत होते. उशिरा का होईना, तिचा विनोद त्यांच्यापर्यंत पोचला. कापडणीस ‘टायपिंग’ दिसले, बंद झाले, परत दिसले, परत बंद झाले.

"आता बाहेर पड यातून," मी म्हटलं.

"आईला काढू?" दिशाचा हात थांबला.

"ती कधीच आत नव्हती."

तिने दाबलं. खाली बारीक अक्षरात आलं की दीपमाला गायखे यांनी ग्रुप सोडला. आम्ही दोघांनी ते वाचलं. फुलाबाईला वाचता येत नाही, तिने विचारलं, "काय म्हणतंय?" दिशाने सांगितलं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.

चार दिवसांनी योगिनी हिरवी प्रत छापून घेऊन आली. मंडळातून बाहेर पडले म्हणाली, तिला चहा दिला. फ्रेम मी त्यांचीच वापरली. शेंदरी कागद काढून टाकला, काच चांगली होती. खिळा मात्र माझा ठोकला, शिलाई मशीनच्या वर, पूर्वेच्या खिडकीसमोर. सकाळी तिथे उजेड येतो. गेले आठ-दहा दिवस मी चहा घेऊन तिथे बसतो. बाहेर ऑक्टोबर आहे. एक पान गळलेलं नाही.